जुना ही-मॅन घ्यावा की नवा?

चाळिशी ओलांडली की काहींना मॅरेथॉन सुचते, काहींना ही-मॅन, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या खेळण्यांतला तो पिळदार योद्धा. मी दुसऱ्या गटातला. माझ्या कपाटात सध्या तीन पिढ्यांचे ही-मॅन आहेत, त्यामुळे 'एकच घ्यायचा तर कुठला?' हा प्रश्न ओळखीतून अधूनमधून येतो. उत्तर माणसागणिक बदलतं हे कबूल, तरी माझं झुकतं माप कुठे आहे ते पुढे लपणार नाही.

पर्याय तुम्हाला ठाऊक असतीलच: ऐंशीच्या दशकातला अस्सल विंटेज, मॅटेल या खेळणी कंपनीची २०२० पासून निघालेली ओरिजिन्स मालिका आणि तिच्या पाठोपाठ आलेली मास्टरव्हर्स.

मास्टरव्हर्सचं आधी उरकतो. सात इंची फिगर, तिशीच्या वर सांधे, बदलायचे हात, काहींना तर बदलायचं डोकंही. ज्यांना फिगर वेगवेगळ्या पवित्र्यांत उभी करून फोटो काढायचे असतात त्यांच्यासाठी ती उत्तमच. पण ही-मॅन हा मुळात साडेपाच इंचांचा, मान जवळपास नसलेला, गुडघ्यांत वाकून कायम कुस्तीच्या तयारीत असलेला गडी. त्याला उंच आणि प्रमाणबद्ध केलं की तो देखणा होतो, पण आपला राहत नाही. शिवाय साडेपाच इंचांच्या मापाने बनवलेल्या ग्रेस्कल या खेळण्यातल्या किल्ल्याच्या दारात तो उभा केला की किल्ला लहान दिसायला लागतो. माझ्यापुरता हा पर्याय तिथेच बाद.

आता खरा सामना, विंटेज आणि ओरिजिन्सचा. त्याआधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्या: तुम्हाला ही-मॅन आठवतो तो टीव्हीवरचा की हातातला? हे दोघे वेगळे आहेत. खेळणं १९८२ चं, फिल्मेशनची कार्टून मालिका १९८३ च्या सप्टेंबरात सुरू झाली. म्हणजे खेळणं घडलं तेव्हा कार्टूनचा पत्ता नव्हता. पहिल्या खेळण्यांसोबत जी छोटी चित्रकथा यायची, तिच्यातला ही-मॅन जंगलातल्या टोळीचा योद्धा आहे. कार्टूनमधलं त्याचं दुसरं रूप, राजपुत्र ॲडम, तिथे नाहीच. खेळण्याच्या हातात कुऱ्हाड आणि ढाल, चेहऱ्यावर आठ्या. दूरदर्शनवर आपण पाहिला तो मात्र गुळगुळीत चेहऱ्याचा, शक्यतो हाणामारी टाळणारा आणि भाग संपल्यावर समोर येऊन दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा. लहानपणी फक्त टीव्ही पाहिलेल्या माणसाने हौसेने विंटेज मागवला, तर डबा उघडल्यावर 'हा कोण?' असं होण्याची शक्यता बरीच. अशांसाठी ओरिजिन्समध्येच कार्टून कलेक्शन नावाची शाखा निघाली आहे. फिल्मेशनच्या चित्रांसारखे सपाट रंग, अंगावर रेघा कमी, चेहरा थेट पडद्यावरचा. त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

ज्यांच्या हातात तो खेळणं म्हणून आला होता, त्यांची गोष्ट निराळी. आपल्याकडे लिओच्या नावाने मॅटेलची खेळणी मिळायची, त्यांत ही-मॅनही होता. त्याची आठवण डोळ्यांत कमी, बोटांत जास्त आहे. विंटेजची कंबर पिळून सोडली की आतली स्प्रिंग त्याला झटक्यात सरळ करते आणि उगारलेला हात समोरच्याला बसतो. डोकं मऊ, पोकळ, दाबलं की चेपणारं. धड मात्र टणक. एकूण सहा सांधे, पण त्या एका झटक्यात सगळं आलं. ओरिजिन्समध्ये सांधे सोळा आहेत, कोपर वळतं, गुडघा वळतो, घोटा वळतो. कंबरेतली ती स्प्रिंग मात्र नाही. हा तोटा मी छोटा मानत नाही. विंटेजच्या बाजूने सर्वांत मोठं वजन याचंच.

विंटेजला आणखी एक गोडवा आहे, तो त्या काळातल्या काटकसरीचा. एकाच साच्यातलं धड चार जणांना वापरायचं, वर चिलखत निराळं. त्याचा वाघ बॅटल कॅट तर मॅटेलच्याच बिग जिम या दुसऱ्या मालिकेतल्या वाघाच्या साच्यातून काढलेला. बिग जिम मापाने बराच मोठा, म्हणून त्याचा वाघ ही-मॅनच्या शेजारी घोड्याएवढा झाला. मग हिरवा रंग, पाठीवर खोगीर, आणि जन्माला आलं सर्वांचं लाडकं वाहन. असल्या गोष्टी माहीत असल्या की जुनी फिगर हातात घेताना मजा वाढते.

मग अडलं कुठे? पायांत.

विंटेजचे दोन्ही पाय आतून एका रबराने एकमेकांना ताणून धरलेले असतात. रबर हे रबर. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता त्याला खातात, आणि ते कायम ताणलेलं असेल तर लवकर खातात. चाळीस वर्षं म्हणजे फारच झाली. माझी फिगर आली तेव्हा फोटोतल्यासारखीच होती: रंग शाबूत, कंबरेची स्प्रिंग ठणठणीत, चिलखतावरचा लाल क्रॉस झळझळीत. उचलली आणि दोन्ही पाय लुळे पडले. विकणाऱ्याने फोटो आडवी ठेवून काढला होता, यात त्याचा कावा होता की नाही हे त्यालाच ठाऊक.

दुरुस्ती होते, नाही असं नाही. आतले कडक झालेले तुकडे चिमट्याने उपसायचे, नवं रबर एका पायाच्या आकड्यात अडकवायचं, त्याला दोरा बांधून कंबरेच्या पोकळीतून पलीकडे ओढायचं आणि तसंच ताणून धरून दुसऱ्या पायाच्या आकड्यात बसवायचं. वाचायला सोपं वाटतं. रबर बारीक पडलं तर पाय लोंबतात. जाड पडलं तर पाय आत खेचले जातात आणि फिरता फिरत नाहीत. मधलं माप सापडेपर्यंत बोटांची सालपटं निघतात. मला सापडलं, फिगर उभी राहिली, आणि पुढचा कडक उन्हाळा सरता सरता एक पाय पुन्हा सैल. आता ती कपाटाच्या पाठीला टेकून उभी असते. हात लावायचा म्हटलं की आधी दोन सेकंद विचार करावा लागतो.

तो विचार मला नको होता. ही-मॅन हे हातात घेऊन, कंबर पिळून, टेबलावर दाणकन उभं करायचं खेळणं आहे. काचेआड जपण्यासाठी घेणाऱ्याला पायांचा हा प्रश्न कदाचित पडणारही नाही, आणि त्याने विंटेजच घ्यावा असं मी मनापासून म्हणेन. मला पडला.

ओरिजिन्समध्ये तक्रारीला जागा आहेच. उघड्या दंडा-मांड्यांवर सांध्यांच्या रेषा दिसतात, त्यामुळे पिळदार अंग मधेच कापल्यासारखं वाटतं. जुन्याच्या सलग अंगाची सर त्याला नाही. पण उंची तीच, वाकलेला पवित्रा तोच, कार्डावरचं चित्र आणि सोबतची चित्रकथासुद्धा जुन्या वळणाची. जुन्या किल्ल्यात चपखल बसतो. डोकं, हात, पाय, बूट ओढून काढता येतात आणि एकाचे दुसऱ्याला लावता येतात, म्हणजे मॅटेलने एकेकाळी खर्च वाचवायला केलेला धडांचा खेळ आता आपल्या हाती दिलाय. घरी आलेल्या पोरांनी उचलला तर माझ्या छातीत धस्स होत नाही. माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या उजव्या हाताला, तोच असतो.

पैशांचं थोडक्यात. परदेशातून पार्सलने मागवताना सीमाशुल्क आधी पाहा. २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. त्यानंतरचा दर मागवण्यापूर्वी तपासलेला बरा. अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत एका फिगरपुरती जागा निघतेच. विंटेजचा भाव तर अंगावरच्या शस्त्रांवर ठरतो. इथे जरा सांभाळून. जुन्या कुऱ्हाडी-तलवारींच्या नव्या नकला, ज्यांना संग्राहक रिप्रो म्हणतात, बाजारात भरपूर आहेत. अस्सल तलवार अर्धी असते, एका बाजूने सपाट, कारण ही-मॅनचा शत्रू स्केलेटर याची अर्धी तिला जोडून किल्ल्याची किल्ली व्हायची. अखंड तलवार दाखवून कुणी '८२ चा सेट' म्हणत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा. आणि पाठीवर १९८१ कोरलेलं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते साच्याच्या हक्काचं वर्ष, पुढे कित्येक वर्षं निघालेल्या फिगर्सवरही तेच आहे.

एवढं ऐकूनही जीव जुन्यातच अडकला असेल, तर विकणाऱ्याकडे फोटो नका मागू, व्हिडिओ मागा. फिगर कंबरेला धरून हवेत उचलायला सांगा, पाय पसरलेले ठेवून. पाय होते तसेच राहिले तर पैसे पाठवा. लोंबले, तर भाव निम्म्यावर आणा आणि घरात चांगलं रबर आहे का ते बघा.