बर्लिन की कोलोन?

मैत्रिणीचा भाऊ आणि त्याचा जोडीदार जर्मनीत राहायला चाललेत. दोघांचं शहरावरून अडलंय.

कायद्यात फरक नाही. समलिंगी विवाह १ ऑक्टोबर २०१७ पासून देशभर आहे. घरभाडं दोन्हीकडे डोईजड, घर मिळवताना दोन्हीकडे दमछाक.

भाषेत मात्र फरक पडतो. बर्लिनमध्ये इंग्रजीवर बरंच निभतं. कोलोनमध्ये जर्मन यायलाच हवं, पण आलं की शेजारी लवकर आपलंसं करतात.

रोजच्या वावराचं म्हणाल, तर बर्लिन सदतीस लाखांचं. तिथल्या श्योनेबर्ग या समलिंगींच्या जुन्या वस्तीत दोन पुरुष हात धरून चालले तर कोणी वळून बघत नाही. शहराच्या कडेला तेवढं निर्धास्त राहू नये. कोलोन अकरा लाखांचं, रुडॉल्फप्लाट्झ या चौकाभोवती समलिंगींचे बार-कॅफे सगळे पायी अंतरावर. दोन्ही शहरांत नाझींनी मारलेल्या समलिंगींसाठी गुलाबी त्रिकोणाचं (छळछावणीत समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवर लावायची खूण) स्मारक आहे: बर्लिनला नोलेनडॉर्फप्लाट्झ स्टेशनच्या भिंतीवर, कोलोनला ऱ्हाइनकाठी. त्या दगडापाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

नोकरी इंग्रजीतली आणि अनोळखीपण हवंसं असेल तर बर्लिन. जर्मन शिकायची तयारी आणि ओळखीपाळखीची ओढ असेल तर कोलोन. या दोघांना मी कोलोनच सांगितलंय.