जाड नखांचा निपर: लागवडीपासून वेचणीपर्यंत वापरून

वर्ध्याच्या एका सर्जिकल दुकानातून जूनमध्ये घेतला, साडेचारशेला. स्टेनलेस स्टीलचा, पकडीसारखा, कंपनीचं नाव नाही. आर्वीकडच्या गावांत मी घरोघरी म्हाताऱ्या माणसांची सेवा करते: अंघोळ, तेल लावणं, हातापायांची नखं. लोक सिस्टर म्हणतात, पण मी नर्स नाही. आता कापूस घरात येऊन पडलाय, तेव्हा निपरबद्दल खात्रीनं लिहिता येईल.

जन्मभर काळ्या मातीत अनवाणी राबलेल्या पायाचं अंगठ्याचं नख साध्या नेलकटरच्या तोंडात मावतच नाही. पिवळं, जाड, कडेनं वळलेलं. जोर दिला की ते कापलं जात नाही, तडकतं, आणि तडा मांसापर्यंत जातो. निपरनं कडेपासून बारीक बारीक तुकडे घेता येतात. मात्र एका दमात आख्खं नख काढायला गेलात तर हाही तडकवतोच. अंघोळीनंतर नख नरम असताना, दिवसाउजेडी, बाज अंगणात ओढून कापते. सरळ रेषेत, कोपरे खोल कोरत नाही, नाहीतर नख मांसात रुततं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणून दर आठवड्याला हात लावायची गरजच नसते.

खरी भीती वेगळीच. शुगरवाले एक आबाजी दर वेळी म्हणतात, "काप वो पोरी बिनधास्त, मले काईच दुखत नाई." तेच तर भ्याचं कारण. निपरला इतकी धार आहे की नखासोबत कातडी आली तरी अशा माणसाला कळत नाही, आणि शुगरच्या पायाची जखम लवकर भरत नाही. म्हणून आधी डोळे मिटायला सांगते आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला नि करंगळीला टोकाशी हलकं बोट टेकवते. दाबायचं नाही, क्षणभर नुसतं टेकवायचं. सहापैकी दोन ठिकाणी कळलं नाही तर निपर पिशवीतच राहतो. मग फक्त कानस, आणि घरच्यांना सांगते की पाय सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात दाखवून या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तरी हेच. पायातलं कुरूप असो की रुतलेलं नख, मी कोणाचंच कापत नाही. त्यावरून दोन घरं नाराज आहेत, राहू देत.

माझ्याकडे कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या एक आजी आहेत. त्यांच्या तळव्यालाही काही कळत नाही, पण पायाची रीत उलटी. घाम येत नसल्यानं कातडी कोरडी पडून भेगा जातात. म्हणून घमेल्यात साध्या पाण्यात वीसेक मिनिटं पाय भिजवायचे, घट्टे खरबरीत दगडानं हलके घासायचे आणि ओल्यावरच तेल लावायचं. शुगरवाल्यांचे पाय असे भिजत ठेवायचे नाहीत. कोमट पाण्यानं धुवायचे, पाणी आपल्या कोपरानं तपासायचं (त्यांना चटका कळत नाही), बोटांच्या बेचक्या जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरड्या करायच्या. तेल टाचेला, बेचकीत नाही. तिथंच तर पावसाळ्यात चिखल्या होतात. बायकांच्या जोडव्यांखालीही बघायचं. काढायची गोष्ट काढली की माय आधी नाहीच म्हणते, थोडी सरकवू देते.

स्वच्छतेत निपर बरा. प्रत्येक माणसानंतर साबण-ब्रशनं घासून वीस मिनिटं उकळते. "घरच्याच माणसाचं तं आहे, काय होते?" असं ऐकावं लागतं. पण रक्ताचा वाळलेला डाग राहिला तर हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू त्यात सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि हाच निपर पुढच्या घरी जातो. बुरशीचं नख असलेल्या माणसाचा नंबर त्या दिवशी शेवटचा. उकळून उकळून पात्याला गंज नाही आला, सांध्यात मात्र श्रावणातच तांबूस डाग दिसायला लागले. पुसून तेलाचा थेंब सोडावा लागतो. पाती अजून जुळतात, उजेडात धरली तर फट दिसत नाही.

हाताच्या नखांना हा निरुपयोगी, तोंड मोठं पडतं. वेचणीत बोंडाची वाळलेली टोकं टोचून बोटं सोलवटतात, नखुर्डं होतं. तिथं साधा नेलकटरच बरा, आणि पू झाला असेल तर तोही नाही. सोबत आलेली कानस दिवाळीआधीच गुळगुळीत झाली. तशीही धातूची एकच कानस सगळ्यांना फिरवणं मला पटत नाही. कागदी घेते, ज्याची त्याच्या घरी ठेवते.

घरात जाड नखांचं म्हातारं माणूस आहे, पायाला नीट कळतं, कापणाऱ्याची नजर चांगली आहे, तर खुशाल घ्या. पायाला कळत नसेल तर हे पैसे गाडीभाड्याला ठेवा आणि दवाखाना गाठा. एक तक्रार उरतेच: मधली स्प्रिंग ढिली झालीय, दर तुकड्याला दांडे हातानं फाकवावे लागतात. नुसती स्प्रिंग मिळते का विचारलं, तर दुकानदार म्हणतो नवीनच न्या.