अजिंठ्याच्या वाटेवर जेवावे कोठे: फर्दापूर, रस्त्यावरचा ढाबा की जळगाव शहर?

जळगावला मुक्काम करून अजिंठ्याची लेणी पाहायला येणारे आमचे आप्तेष्ट दर हिवाळ्यात एकच प्रश्न विचारतात: दुपारचे जेवण लेण्यांच्या पायथ्याशी उरकावे, वाटेतल्या ढाब्यावर थांबावे, की भूक आवरून शहरात परतावे? अंतर सुमारे ६० किलोमीटरचे असल्यामुळे तिन्ही गोष्टी शक्य आहेत, आणि म्हणूनच निवड चुकते. पाहुणा खान्देशात आला आहे तर त्याने खान्देशी अन्न ते जेथे रोज शिजते आणि रोजचीच माणसे जेथे जेवतात तेथे खावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेण्यांच्या पायथ्याचे फर्दापूर हे गाव तालुक्याच्या हिशेबाने सोयगावात, म्हणजे खान्देशच्या सीमेपलीकडे येते. खासगी वाहने तेथील फाट्यावर ठेवून पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते. लेण्यांतून परतलेले कुटुंब दमलेले असते, मुले भुकेने रडकुंडीला आलेली असतात आणि समोर जे पहिले दार दिसेल त्यात सगळे शिरतात. हे गिऱ्हाईक उद्या पुन्हा येणार नाही हे हॉटेलचालकालाही ठाऊक असते. पंजाबी, चायनीज, दाक्षिणात्य आणि ‘अस्सल खान्देशी’ असे सर्व पदार्थ एकाच फलकावर दिसले, तर शेवटचे दोन शब्द विसरून जावेत. एवढे पदार्थ रोज ताजे करणे लहान स्वयंपाकघराला झेपत नाही. मात्र पायथ्याच्या जेवणाला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. सोबत वृद्ध असतील, लहान मुले असतील किंवा तिखट न सोसणारे कोणी असेल, तर डाळ-भात, दही आणि गरम पोळी यांसाठी तेथे बसणे शहाणपणाचे आहे. दरपत्रक मागून घ्यावे, थाळीत वाढप मर्यादित आहे की अमर्यादित हे आधी विचारावे आणि साध्या पदार्थांपलीकडे जाऊ नये.

फर्दापूरहून वाकोद, पहूर, नेरी असे जळगावकडे येताना लागणाऱ्या ढाब्यांवर शेवभाजी मागवायची असते, आणि तिची पारख करणे अवघड नाही. भाजीसाठी लागणारी तिखट शेव जाड असते आणि ती उकळत्या रश्श्यात ताट पुढे येण्याच्या क्षणी पडली पाहिजे. शेव आधीच घालून ठेवली की तिचा लगदा होतो आणि रस्सा पिठूळ लागतो. काही वर्षांपूर्वी दुपारी साडेतीनच्या सुमारास एका ढाब्यावर मी मावशींना मोठ्या कौतुकाने शेवभाजी खाऊ घातली, तेव्हा ताटात अगदी असाच लगदा आला. त्या कौतुकाने दोन घास जास्तच जेवल्या, आणि मला फार वाईट वाटले. तेव्हापासून मी शेव वेगळ्या वाटीत मागतो. तिखटाबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: काळ्या मसाल्याचा रस्सा तयारच असतो, त्यामुळे ‘तिखट कमी करा’ असे सांगून तो सौम्य होत नाही, वरची तर्री न घालता वाढायला सांगितले तर मात्र फरक पडतो. भाकरी थापल्याचा आवाज येतो की टोपलीतली थंड भाकरी पुन्हा तव्यावर टाकली जाते, हे पाहायला बसल्या जागेवरून मान वळवावी लागते एवढेच. साडेबारा ते दोन ही वेळ ढाब्यासाठी सर्वांत चांगली, कारण त्या वेळी ट्रकचालक आणि बाजाराला निघालेले शेतकरी जेवत असतात.

जळगाव शहराचे पारडे मात्र हिवाळ्यात इतके जड होते की तुलना जवळजवळ संपते. त्याचे कारण भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून यावल तालुक्यातील बामणोदचे नाव या वांग्यांसाठी घरोघरी घेतले जाते. हिरवट रंगाचे, मोठे, गर भरपूर आणि बिया कमी असलेले हे वांगे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. सोलून ते लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचतात, मग कांद्याची पात, शेंगदाणे आणि कोथिंबीर घालून फोडणीत परततात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला काड्यांच्या धुराचा वास येत नाही, आणि तो वास हेच भरिताचे निम्मे वैभव आहे. चंपाषष्ठीच्या आसपास शहरात भरीत विकणाऱ्या केंद्रांवर संध्याकाळी रांगा लागतात. तेथे बैठक साधी, फलक तीन-चार ओळींचा. भरिताबरोबर पुरी किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मिळते. बैठकीच्या साधेपणाने बिचकून पाहुण्याने स्थानकाजवळच्या वातानुकूलित दालनात पनीर मागवू नये, असे मला मनापासून वाटते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हा न्याय लागू नाही; तेव्हा वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी देणारी खानावळ शोधावी. खापरावरचे पुरणाचे मांडे आयत्या वेळी मिळण्याची आशा धरू नये, ते आदल्या दिवशी सांगूनच करून घ्यावे लागतात.

मोबाइलवरील तारांकने तिन्ही ठिकाणी सारखी वाचू नयेत. पायथ्याच्या हॉटेलला तारे देणारा बहुधा तेथे एकदाच जेवलेला असतो, आणि पुष्कळदा तो स्वच्छतागृहाला व वाहनतळाला गुण देत असतो. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण त्यांवरून रश्श्याची चव कळत नाही. शहरातल्या खानावळीविषयी मराठीत लिहिलेले, गेल्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय आधी वाचावेत. त्याहून चांगला उपाय म्हणजे रिक्षावाल्याला किंवा सराफ बाजारातल्या कामगाराला ‘चांगले हॉटेल कोणते’ असे न विचारता ‘तुम्ही स्वतः भरीत कोठून घरी नेता’ असे विचारणे.

सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून तो दिवस वगळून सकाळी जळगावात भरपेट नाश्ता करावा, नऊला लेण्यांत शिरावे, एकच्या सुमारास पहूरच्या अलीकडे-पलीकडे ढाब्यावर शेवभाजी खावी आणि रात्रीसाठी भरीत राखून ठेवावे. एकाच जेवणापुरता वेळ असेल तर हिवाळ्यात शहर, एरवी ढाबा निवडावा. रात्रीच्या गाडीने परतणाऱ्यांनी भरीत गार झाल्यावरच डब्यात भरावे आणि पुऱ्या वेगळ्या बांधून मागाव्यात, नाहीतर भुसावळ ओलांडण्याआधीच त्या वाफेने मऊ पडतात.