चार वाजताच्या भुकेसाठी भडभुंज्याचे दुकान

शाळेतून आलेल्या मुलाला दप्तर खाली ठेवण्याआधी काहीतरी खायला हवे असते. त्या वेळी पोहे भिजवायला किंवा थालीपिठाचे पीठ मळायला सवड नसते, आणि हाताशी जे असेल तेच त्याच्या पोटात जाते. म्हणून या वेळचे खाणे कसे असावे, याच्या माझ्या अटी साध्या आहेत. ते डबा उघडताच वाटीत ओतता यावे, रात्रीच्या जेवणापर्यंत त्याने आधार द्यावा, जेवणाची भूक मात्र मारू नये, आणि मुलाने ते कुरकुर न करता खावे. या चारही अटी बहुतांशी पुऱ्या करणारे एक दुकान सोलापुरात आमच्या भागात आहे, आणि ते भडभुंज्याचे आहे. अशी दुकाने महाराष्ट्रात तालुक्याच्या बहुतेक बाजारपेठांत अजून टिकून आहेत. त्यामुळे दुकानाच्या नावापेक्षा तेथून काय घ्यावे, काय थोडेच घ्यावे आणि घेताना काय पाहावे, हे सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल.

दुकान दोन खणांचे आहे. पुढे फुटाणे, डाळे, शेंगदाणे, चुरमुरे आणि लाह्यांचे डबे व पोती आहेत, आणि मागच्या खणात भट्टी आहे. सकाळी लवकर गेल्यास भाजणी पाहायला मिळते. ओलावून मुरवत ठेवलेले हरभरे मोठ्या कढईतल्या तापलेल्या वाळूत पडतात, लांब दांड्याच्या झाऱ्याने ते सतत हलवले जातात, तडतड वाढत जाते, आणि ती ओसरू लागताच सगळा घाणा चाळणीवर उपसला जातो. वाळू खाली गळते, वर फुगलेले, टरफल सुटू लागलेले फुटाणे उरतात. या सगळ्या कामात तेलाचा थेंबही लागत नाही. धान्य किंवा कडधान्य, उष्णता आणि थोडे मीठ, एवढ्यावरच हा पदार्थ तयार होतो, आणि मुलांच्या खाण्याच्या दृष्टीने या दुकानाचे सर्वांत मोठे मोल माझ्या मते हेच आहे.

येथून एकच वस्तू घ्यायची झाली तर ती फुटाणे असावी. शंभर ग्रॅम भाजलेल्या हरभऱ्यात साधारण बावीस ग्रॅम प्रथिने असतात आणि स्निग्धांश पाच ग्रॅमच्या आसपास असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला 23 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे तीस ग्रॅम फुटाण्यांनी, एका लहान वाटीने, त्या दिवसाच्या गरजेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग भागतो. शिवाय टरफलासकट खाल्ल्यास तंतुमय भागही मिळतो, आणि चावायला वेळ लागत असल्यामुळे मूल भराभर खात नाही. आमच्या घरी मोठ्या मुलीला टरफलाचे फुटाणे आवडतात, तर धाकटा टरफल काढून दाणा तेवढा खातो आणि टरफले वाटीत ठेवतो. त्याला मी पंढरपुरी डाळे देते. टरफल नसल्याने त्यातला तंतुमय भाग कमी होतो, पण प्रथिने मिळतातच, आणि जे मूल टरफलामुळे फुटाणे खाणारच नाही त्याच्यासाठी डाळे हा अगदी योग्य मार्ग आहे.

फुटाण्यांबाबत रंगाकडे अवश्य लक्ष द्यावे. हळद लावलेल्या फुटाण्यांचा पिवळेपणा मंद आणि असमान असतो, कुठे गडद, कुठे फिकट. सगळे दाणे सारखेच झगझगीत पिवळे दिसत असतील, किंवा ओल्या बोटाला रंग लगेच आणि भडक लागत असेल, तर ते घेऊ नयेत, कारण खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी असलेले रंग काही ठिकाणी वापरले जातात. या दुकानात हळदीचे आणि साधे असे दोन्ही फुटाणे मिळतात. मी साधेच घेते, म्हणजे शंकेला जागा उरत नाही.

आता पाकिटातल्या खाऊविषयी. 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि त्याच सुमारास नाचणीची, ज्वारीची, 'मल्टिग्रेन' बिस्किटे आणि चिप्स आमच्या भागातल्या दुकानांत जास्त दिसू लागले. नाचणी खरोखरच उत्तम धान्य आहे. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारे दुसरे तृणधान्य आपल्या रोजच्या वापरात नाही. मात्र पाकिटावर नाचणीचे कणीस छापलेले असले म्हणजे आत नाचणीच जास्त आहे, असे होत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे खरी माहिती मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असते. आम्ही मोठ्या विश्वासाने घेत असलेल्या एका बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल आणि त्यानंतर नाचणीचे पीठ होते. ते बिस्किट वाईट चवीचे नव्हते, पण नाचणीचे म्हणून जास्त पैसे घेऊन मुलांच्या हाती मैदा आणि साखर देणे मला अन्यायाचे वाटते. पाकीट घ्यायचेच असेल, तर यादीतले पहिले तीन घटक वाचावेत आणि त्यांत मैदा व साखर दोन्ही असतील, तर ते पाकीट परत ठेवावे. भट्टीच्या दुकानात असे वाचायला काहीच नसते, कारण फुटाण्यात हरभराच असतो.

या दुकानातला माझा दुसरा आवडता भाग लाह्यांचा आहे. नागपंचमीला ज्वारीच्या आणि लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या घरोघरी आणल्या जातात, पण सण सरला की त्यांची आठवण उरत नाही, हे खरोखर खेदाचे आहे. सोलापूर ही ज्वारीची भूमी आहे, आणि येथे ज्वारीच्या लाह्या बहुतेक वर्षभर मिळतात. दाणा जितका कठीण आणि बारीक तितका तो चांगला फुलतो, त्यामुळे लाह्यांसाठीची ज्वारी भाकरीच्या ज्वारीहून वेगळी निवडली जाते. चांगली लाही पांढरी, पूर्ण उमललेली आणि दाताखाली लगेच विरणारी असते. न फुललेले गडंग दाणे फार असतील तर ते लहान मुलांच्या दाताला त्रास देतात. म्हणून घेताना मूठभर लाह्या हातावर पसरून पाहाव्यात. दुकानदार काका याला कधीच हरकत घेत नाहीत, उलट स्वतःहून चव पाहायला देतात आणि "ताई, आजचा घाणा जरा कडक झालाय, उद्या घ्या" असे मोकळेपणाने सांगतात. हा सचोटीचा व्यवहार मला फार मोलाचा वाटतो.

नुसत्या लाह्या मुलांना पटकन कंटाळवाण्या होतात. त्यावर आपल्याकडे फार जुना आणि उत्तम उपाय आहे, तो म्हणजे गोपाळकाला. ज्वारीच्या किंवा साळीच्या लाह्या, थोडे पातळ पोहे, मूठभर डाळे, बारीक चिरलेली काकडी, असल्यास डाळिंबाचे दाणे, चवीला मीठ आणि वरून घट्ट दही, एवढे एकत्र करायला पाच मिनिटे पुरतात. धान्य, कडधान्य, दूध आणि भाजी किंवा फळ हे चारही त्या एका वाटीत येतात. हा पदार्थ वर्षातून एकदा जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशीच का व्हावा, हे मला उमगत नाही. आमच्या घरी उन्हाळ्यात तो आठवड्यातून अनेकदा होतो. लाह्या दह्यात आधी भिजवून ठेवू नयेत, मुले पानावर बसली की मगच घालाव्यात, नाहीतर त्यांचा लगदा होतो आणि मुले वाटी बाजूला सारतात. ज्यांच्या घरी अगदी लहान मूल आहे, त्यांनी लाह्या दळून आणाव्यात. लाह्यांचे पीठ ताकात कालवून, जिरेपूड आणि मीठ घालून दिले की पोट शांत राहते.

चुरमुऱ्यांविषयी मात्र थोडे परखडपणे लिहिणे आवश्यक आहे. ते हलके, स्वस्त आणि मुलांचे लाडके आहेत, परंतु तांदळाचेच असल्यामुळे त्यांत प्रथिने कमी असतात, शंभर ग्रॅमला साडेसातच्या आसपास. तीस ग्रॅम चुरमुऱ्यांनी भला मोठा वाडगा भरतो आणि मुलाच्या पोटात जेमतेम सव्वादोन ग्रॅम प्रथिने जातात. म्हणूनच नुसते चुरमुरे खाल्लेले मूल तासाभरात पुन्हा स्वयंपाकघरात येते. ते वर्ज्य करण्याची गरज नाही, पण त्यांच्यासोबत शेंगदाणे आणि डाळे भरपूर असावेत. घरचे भडंग याचा चांगला नमुना आहे. चमचाभर तेलात लसूण, कढीपत्ता आणि शेंगदाणे खमंग करून, त्यात हळद, बेताचे तिखट, डाळे आणि चुरमुरे परतले की आठवडाभर टिकणारा डबा तयार होतो. दुकानातही तयार भडंग मिळते, पण त्यात तेल आणि मीठ दोन्ही जास्त वाटतात, आणि तिखट तर मुलांना सोसवणारे नसतेच. भाजलेल्या वस्तूंसाठी ज्या दुकानाला मी मनापासून दाद देते, त्याच दुकानातल्या तळलेल्या आणि फोडणीच्या वस्तू मी मुलांसाठी घेत नाही.

शेंगदाण्यांतही निवड लागते. येथील खारे शेंगदाणे चवीला अप्रतिम असले तरी त्यांवर मिठाचा पांढरा थर स्पष्ट दिसतो. मुलांना खाऱ्या चवीची गोडी लवकर लागते आणि मग घरची बेताच्या मिठाची भाजी अळणी लागू लागते. बिनमिठाचे भाजलेले दाणे मागितल्यास मिळतात, फक्त आदल्या दिवशी सांगावे लागते. पावसाळ्यात विशेष काळजी घ्यावी. दमट हवेत शेंगदाणे खवट होतात आणि त्यांवर बुरशी धरण्याची शक्यता असते. बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्यावरही पूर्णपणे नष्ट होत नाही. त्यामुळे सुरकुतलेले, काळपट किंवा कडवट दाणे निवडून टाकावेत आणि त्या दिवसांत पाव किलोहून जास्त दाणे घेऊच नयेत. आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात. त्यांना दाण्याचा कूट, डाळ्याचे पीठ किंवा डाळ्याचा मऊ लाडू द्यावा, आणि मोठ्या मुलांनाही पळता पळता किंवा आडवे पडून दाणे खाऊ देऊ नयेत.

गोडात येथे राजगिऱ्याचे लाडू, राजगिऱ्याची वडी आणि शेंगदाण्याची चिक्की मिळते. राजगिरा पौष्टिक आहे, त्यात प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही चांगल्या प्रमाणात असतात, आणि लाडू इतका हलका असतो की तीन वर्षांचे मूलही तो सहज खाते. चिक्की पोटाला अधिक आधार देते, पण तिच्या वजनात निम्म्याच्या जवळपास गूळ असतो. गूळ साखरेपेक्षा चांगला म्हणून तो कितीही चालतो, असा समज अनेक घरांत आढळतो, तो बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटना बाहेरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी, शक्य असल्यास पाच टक्क्यांपेक्षा कमी ठेवायला सांगते, आणि त्या हिशेबात गूळही धरला जातो. म्हणून आमच्याकडे चिक्कीचा एक तुकडा मिळतो, तोही फुटाण्यांच्या वाटीनंतर, आणि चिकट गूळ दातांत राहू नये म्हणून चूळ भरायला लावते.

दुकानाचे दोषही सांगितले पाहिजेत. डबे बरेचदा उघडे असतात आणि रस्त्याची धूळ आत येते. भावांचा फलक नाही, त्यामुळे नवख्या माणसाला विचारत बसावे लागते. पाव किलो फुटाणे सध्या पन्नास रुपयांच्या आसपास पडतात आणि चुरमुरे त्याहून पुष्कळ स्वस्त आहेत. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे वर्तमानपत्राची पुडी. छपाईच्या शाईतली रसायने अन्नाला लागू नयेत म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई आहे, तरीही ही सवय सुटलेली नाही. मी घरून कापडी पिशव्या आणि दोन डबे नेते. काकांनी सुरुवातीला आश्चर्य केले, आता ते स्वतःच डबा पुढे करायला सांगतात.

खरेदी सकाळी दहाच्या आत करावी, कारण तेव्हा घाणा ताजा असतो आणि गर्दीही नसते. घरी आणलेला माल गरम असेल तर पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा, अन्यथा आतल्या वाफेने तो सादळतो. सादळलेले चुरमुरे आणि लाह्या कोरड्या कढईत मंद आचेवर दोन मिनिटे परतल्या की पुन्हा कुरकुरीत होतात. वाटीसोबत चहा देऊ नये, कारण तो कडधान्यांतले लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणतो. त्याऐवजी पेरूची फोड, संत्रे किंवा फुटाण्यांवर पिळलेले लिंबू द्यावे, ज्यातल्या क जीवनसत्त्वामुळे तेच लोह अधिक चांगले शोषले जाते. सणांच्या आधीचे चार दिवस मात्र दुकानात जाणे टाळलेले बरे, कारण तेव्हा लाह्यांची मागणी इतकी असते की घाई-घाईत भाजलेल्या मालात गडंग दाणे नेहमीपेक्षा जास्त निघतात.