सांगलीतल्या कॉलेजचा ‘रंगभूमी परिचय’ : एका सत्राचा अनुभव

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तासगावहून रोज एसटीनं सांगलीला येते. गेल्या सत्रात खुल्या विषयांतून ‘रंगभूमी परिचय’ घेतला. दोन क्रेडिटचा विषय, आठवड्यातून दोन दिवस, दुपारी साडेतीन ते पाच. वेगळी फी नाही, फक्त रंगभूषेच्या सामानासाठी प्रत्येकी दीडशे रुपये काढले होते. यंदा ज्यांना हा विषय घ्यायचाय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय, कारण मी घेताना विचारायला कुणी नव्हतं. उलट ‘ॲक्टिंग येत असेल तरच घे’ असं मला चौघींनी बजावलं होतं. ते अजिबात खरं नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा मी कधी स्टेजवर गेले नव्हते.

आधी तक्रारी सांगते. पहिला महिना नुसतं लिहून घेण्यात गेला. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातले अभिनयाचे चार प्रकार : आंगिक म्हणजे शरीरानं, वाचिक म्हणजे बोलण्यानं, आहार्य म्हणजे वेश, रंगभूषा आणि वस्तूंनी, सात्त्विक म्हणजे आतल्या भावानं. प्रेक्षागृहाचे तीन आकार : विकृष्ट म्हणजे आयताकृती, चतुरस्र म्हणजे चौरस, त्र्यस्र म्हणजे त्रिकोणी. सर सांगायचे, आम्ही वहीत उतरवायचो. दुपारची वेळ, वर पंखा, समोर व्याख्या. तीस जणांतले सहा जण त्याच महिन्यात गळाले आणि मला त्यांचा राग येत नाही. लेखी परीक्षा तीस गुणांची आणि प्रात्यक्षिक वीसचं, हे प्रमाण उलट असायला हवं.

दुसरी तक्रार वेळेची. शेवटचे तीन आठवडे तालमी सात-साडेसातपर्यंत लांबायच्या. शहरातल्या मुलांना त्याचं काही वाटत नाही. आमच्यासारख्या बाहेरगावच्या मुलींना मात्र एसटी बघावी लागते. दोघींनी भूमिका सोडल्या त्या एवढ्याच कारणासाठी, आणि त्यातली एक सगळ्यांत चांगली बोलायची. माझे पप्पा रोज रात्री तासगाव स्टँडवर गाडी घेऊन उभे राहायचे म्हणून मला शेवटपर्यंत राहता आलं. कॉलेजनं या तालमी सकाळी घेतल्या तर निम्मा प्रश्न सुटेल. मी तसा लेखी अर्जही दिलाय.

आता जे चांगलं आहे ते. दुसऱ्या महिन्यात बाकं भिंतीला लागली आणि सरांनी फरशीवर खडूनं रंगमंचाचे भाग म्हणून नऊ चौकोन आखले. उजवं-डावं नटाच्या बाजूनं धरायचं, प्रेक्षकांच्या नाही, हे अंगात उतरायला मला दोन तास लागले. श्वासासाठी फरशीवर पाठ टेकून झोपायचं आणि पोटावर पुस्तक ठेवायचं. श्वास घेताना पुस्तक वर आलं पाहिजे, छाती नाही. मग एकेकानं पुढं उभं राहून बोलायचं. सर शेवटच्या खुर्चीवर बसायचे आणि शब्द पोचला नाही की हात वर करायचे. ‘ओरडू नकोस, माझ्यापर्यंत आणून दे की,’ एवढंच म्हणायचे. आवाज आणून द्यायचा असतो, हे मी आता वर्गात प्रेझेंटेशन देतानाही वापरते.

इतिहासाचा एक तास फार भारी झाला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत तिथले संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. ते कसं केलं, हे मला पहिल्यांदा कळलं. पदं सूत्रधारानं म्हणायची आणि पात्रांनी त्या प्रसंगाला धरून आपल्या मनानं बोलायचं, लिहून दिलेले संवाद नसायचे. सरांनी आम्हाला तसंच करायला लावलं. गाता येणारा एक मुलगा सूत्रधार झाला, मी धनुष्य न उचलणाऱ्या राजांतली एक. तो गात असताना आपण काय बोलायचं हे डोक्यात जुळवावं लागतं, आणि त्यासाठी त्याचं गाणं नीट ऐकावं लागतं. वीस मिनिटांत वर्ग घामाघूम झाला. नाट्यपंढरी म्हणून आपण सांगलीचं कौतुक नेहमीच ऐकतो, पण त्या माणसांनी केवढी जोखीम घेतली होती ते मला त्या दिवशी समजलं.

प्रकाशयोजनेचा मात्र एकच तास झाला. कॉलेजच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटशिवाय काही नाही. बरीच वर्षं नाटकांचे लाइट करणारे एक काका स्वतःचे दोन हॅलोजन आणि उजेड कमी-जास्त करायचा डिमर घेऊन आले. एकाच मुलीच्या चेहऱ्यावर त्यांनी खालून, वरून, बाजूनं उजेड टाकून दाखवला, आणि ती म्हातारी झाली, भेसूर झाली, पुन्हा आमची मैत्रीण झाली. ‘आधी सावली कुठं पडती ती बघा,’ काका म्हणाले. असे तीन-चार तास तरी हवेत. भावे नाट्यमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेचं एक नाटक बघायला नेलं होतं, तेव्हा अंधारात नेपथ्य कसं बदलतात तेवढं निरखायला सांगितलं होतं. ती सूचना उत्तम होती.

शेवटच्या सादरीकरणासाठी वर्गानं पंधरा मिनिटांचा प्रसंग स्वतःच रचला. २०१९ चा महापूर ओसरल्यावर आजी आणि नात घरातला गाळ काढतायत, ट्रंकेत आजोबांनी मुंबईच्या गिरणीतून धाडलेलं जुनं पत्र सापडतं. मला भूमिका नको होती, म्हणून मी प्रॉपर्टी घेतली, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंचं काम. पहिल्या तालमीला नातीच्या हातात वहीचा कोरा कागद दिला. तिचं पाठांतर चोख होतं, पण सर थांबवून म्हणाले, ‘अगं, तू वाचतीयस कुठं? म्हणतीयस.’ खरंच, तिचे डोळे कागदावर हलतच नव्हते.

त्या रात्री मी ते पत्र पूर्ण लिहून काढलं. मनीऑर्डर मिळाली का, म्हैस व्याली का, थोरल्याला शाळेत घाल, असं सगळं. बॉलपेननं लिहून कुंडीतल्या गढूळ पाण्यात बुडवलं, तर अक्षर हललंही नाही. जेल पेननं लिहिलं तर सगळी शाई उतरून कागद निळा झाला. शेवटी पप्पांचं जुनं शाईचं पेन काढलं, लिहून दोन दिवस वाळू दिलं आणि ओल्या फडक्यानं फक्त घडीवर दाबलं. घडीवरच्या ओळी फुटल्या, बाकीच्या राहिल्या. मग गादीखाली ठेवलं, घड्या मुरायला. तालमीत फाटेल म्हणून अशा तीन प्रती केल्या.

पुढच्या तालमीला नातीचं काम करणाऱ्या मुलीनं ते उघडलं. चौथ्या ओळीला ती अडली, कारण तिथला शब्द खरोखरच लागत नव्हता. तिनं कागद खिडकीकडं धरला, डोळे बारीक केले, आणि आजीचं काम करणारी मुलगी आपोआप उठून तिच्या खांद्यावरून बघायला लागली. हे कुणी बसवलं नव्हतं. सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे असंच ठेवा.’ आणि माझ्याकडं वळून, ‘तुझं काम आहार्यात येतं. आहार्याचे चार भाग लिहिलेत ना वहीत?’

मी घरी जाऊन वही उघडली. पुस्त, अलंकार, अंगरचना, संजीव. यातलं पुस्त म्हणजे नाटकासाठी तयार केलेल्या वस्तू. दुसऱ्या आठवड्यात झोपेच्या तारेत लिहिलेली ती ओळ, अक्षरसुद्धा वाकडं आलेलं. तो कागद हातात देऊन ही व्याख्या पहिल्याच दिवशी सांगितली असती तर ते सहा जण गेले नसते, असं मला मनापासून वाटतं. सरांना मी तसं सांगितलंही, आणि त्यांनी ऐकून घेतलं.

प्रयोगाच्या दिवशी विंगेत एक टेबल मांडलं, त्यावर पांढरा कागद चिकटवला आणि प्रत्येक वस्तूच्या कडेनं स्केचपेन फिरवून आकार काढून ठेवला : कंदील, तांब्या, किल्ली, पत्र. वस्तू जागेवर नसेल तर नुसती रेघ दिसते, म्हणजे ती कुणाकडं तरी आहे. नारळ फोडून नटराजाची पूजा झाली, तिसरी घंटा झाली, आणि पंधरा मिनिटं मी फक्त त्या रेघांकडं बघत होते. शेवटी नात झालेल्या मुलीनं आत येऊन पत्र माझ्या हातात दिलं. तिचा हात थरथरत होता. मी पत्र त्याच्या चौकोनात ठेवलं.

जागा तीसच आहेत, त्यामुळं पहिल्याच आठवड्यात नाव घाला. बाहेरगावच्या मुलींनी तालमीच्या वेळेचं आधी विचारून घ्या. आणि भूमिका नको असेल तर सरळ प्रॉपर्टी मागा. ते काम कुणी मागत नाही, त्यामुळं लगेच मिळतं.