अपघातानंतर अडीच लाखांवर सही करावी की ट्रिब्युनलमध्ये दावा लावावा?

पाय प्लास्टरमध्ये, पगार बंद, घरभाडं थकलेलं. सायन, केईएमसारख्या हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डात पडलेल्या माणसापुढे विमा कंपनीचा तडजोडीचा कागद येतो तो अशा वेळी. सहीआधी दोन्ही वाटा नीट बघा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला 5 लाख मिळतात. चूक कुणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. हाड मोडलं असेल तर तीही गंभीर दुखापतच. कलम 166 खाली, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या ट्रिब्युनलमध्ये, मात्र समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, निकालाला वर्षं लागू शकतात, आणि कंपनी हायकोर्टात अपिलात गेली तर आणखी. पण इथे रकमेला कमाल मर्यादा नाही.

फरक केवढा पडतो? समजा, कुर्ल्याचा 28 वर्षांचा डिलिव्हरीवाला महिना 18,000 कमावतो आणि त्याची कमावण्याची ताकद 30 टक्के गेली. वर्षाचे 2,16,000. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 3,02,400. त्याच्या वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई जितक्या पटीने धरतात तो आकडा, 17. गुणून आलेल्या रकमेचे 30 टक्के म्हणजे 15,42,240 रुपये. औषधपाणी, वेदना, बुडालेला पगार वेगळा.

आणि कलम 149 च्या, म्हणजे विमा कंपनीने देऊ केलेल्या, तडजोडीतून 164 ची रक्कम स्वीकारली की ट्रिब्युनलमधला दावा संपतो. आधी अडीच लाख घेऊ, उरलेल्यासाठी मग लढू, असं होत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण सही करणाऱ्याला हे बहुधा माहीतच नसतं.

तरी काहींनी 164 च घ्यावं: चूक स्वतःची असेल, साक्षीदार नसेल, किंवा हाड पूर्ण जुळून माणूस पुन्हा कामाला लागला असेल. पायात कायमचं अधूपण राहणार असेल, तर माझ्या मते 166. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनची भरपाई उरते, गंभीर दुखापतीला 50,000.

लोकअदालत ही मधली वाट. पैसे लवकर हाती येतात, पण त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून डिसॅबिलिटी सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय आकडा कबूल करू नका. टक्केवारीवर फी मागणाऱ्या वकिलापासून दूर राहा; बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

मेडिक्लेम घेतला तर भरपाई कापतील, ही भीतीही सोडा. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये सांगितलंय की मेडिक्लेमची रक्कम वजा करायची नाही.

अपघात एक्सप्रेसवेवर झाला तरी दावा राहत्या ठिकाणच्या ट्रिब्युनलमध्ये लावता येतो. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, पगाराच्या नोंदी आताच गोळा करा. कायद्यातली सहा महिन्यांची मुदत अपघाताच्या तारखेपासून मोजतात, डिस्चार्जच्या नाही.