स्टीलचं पिस्तूल की पॉलिमरचं? दोन्ही चालवलेल्याचं मत

पोलिसातून रिटायर होऊन नाशकातच राहिलोय, त्यामुळे लायसन्स काढायला निघालेले ओळखीचे बागायतदार, बिल्डर सगळे एकच विचारतात, साहेब ते जुनं लोखंडी चांगलं का नवीन प्लास्टिकचं? म्हटलं एकदाच लिहून टाकू.

आमच्या वाट्याला आलं ते ईशापूरच्या सरकारी फॅक्टरीचं ९ एमएम, म्हणजे १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवर या परदेशी स्टीलच्या पिस्तुलाचीच देशी आवृत्ती. मॅगझीनमधे १३ राउंड, वजन रिकामंच किलोच्या आसपास. रेंजवर हे वजन म्हणजे सुख आहे, धक्का हातातच मुरतो आणि दुसरी गोळी पहिलीच्या शेजारी बसते. ट्रिगर मात्र खरखरीत, कारण मॅगझीन बाहेर असताना फायर होऊ नये म्हणून आत जी सोय केलीये ती ट्रिगरला घासत राहते. पंजा मोठा असेल तर हॅमर, म्हणजे ठोका देणारा मागचा भाग, अंगठ्याच्या बेचक्यात चावतो ते वेगळंच.

पण रेंज वर्षातून कधीतरी, कमरेला रोज! २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर बंदोबस्त, पहाटेपासून उभे, वरून पाऊस आतून घाम, पट्टा एका बाजूला ओढला जातोय, संध्याकाळी कंबर बोलायला लागते. घामानं स्टीलला गंज धरतो म्हणून ड्यूटी संपली की आधी तेलाचा बोळा, मग जेवण.

पॉलिमरचं, म्हणजे प्लास्टिकचं ग्लॉक १७ नंतर एका ट्रेनिंगला हातात आलं आणि पहिल्यांदा खेळणंच वाटलं. रिकामं साधारण ६३० ग्रॅम आणि राउंड १७, म्हणजे वजन कमी आणि गोळ्या जास्त. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८० च्या दशकातच हे घेतलं, त्यामुळे नवीन नवीन म्हणतात तेवढं नवीनही नाही. प्लास्टिकची फक्त फ्रेम असते हो, स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि बॅरल (नळी) स्टीलचीच, त्यामुळे एक्स-रेमधे दिसत नाही वगैरे सगळ्या थापा. खटकतं एकच, सेफ्टीचा वेगळा खटका नाही, ट्रिगरमधेच एक छोटी पट्टी आहे, बोटानं ती दाबत ट्रिगर ओढला की गोळी सुटलीच. हाय-पॉवरचा हॅमर मागे आहे की पुढे, म्हणजे ताणलेला आहे की नाही, ते लांबून दिसतं, मला ते आवडतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर ड्यूटीला पॉलिमर, रेंजला स्टील.

आता तुमचं. ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे सर्वसामान्यांना बंदी असलेल्या मापाचं, साध्या लायसन्सवर मिळत नाही, म्हणजे हा वाद तुमच्यासाठी जवळपास कागदावरच. तुम्हाला .३२ मापाचं बघायचंय, म्हणजे सरकारी फॅक्टरीचं रिव्हॉल्व्हर नाहीतर अशनी पिस्तूल. शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात, ग्रामीणला कलेक्टर ऑफिसला. मला विचाराल तर रिव्हॉल्व्हर घ्या, एखादी गोळी फुसकी निघाली तर परत ट्रिगर ओढायचा, चक्र पुढे सरकतं, स्लाइडशी झटापट नाही. बरंचसं आयुष्य कपाटात काढणाऱ्या हत्याराला तेच बरं.